सातव्या ओळीचं मार्जिन

१

रोज सकाळी दहा वाजता ताई बारा डोंगरांची हजेरी घ्यायची. म्हणजे डोंगरांवरच्या हवामान केंद्रांची. प्रत्येक केंद्रात एक माणूस, एक रेडिओ सेट आणि आकाशाकडे तोंड करून बसलेली एक छोटी डिश. दहाच्या ठोक्याला एकेक केंद्र उपग्रहाकडे चाचणीचा सिग्नल पाठवायचं, उपग्रह तो खाली धाडायचा, आणि इथल्या नऊ मीटरच्या मोठ्या डिशमधून तो कंट्रोल रूमच्या पडद्यावर एका उभ्या रेघेसारखा उमटायचा. ताईने आकडा वाचायचा, मामांनी वहीत लिहायचा. मामा म्हणजे तीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेले ऑपरेटर. सख्खी भाची एकही नसताना सगळ्या स्टेशनचे मामा.

ताई ही ताई झाली धाकट्यामुळे. तिचा धाकटा भाऊ सातव्या केंद्रावर होता. लाइनवर तो तिला ताई म्हणायचा, ते ऐकून मामा म्हणू लागले, मग डिशवर चढणारे शिडीवाले, मग शिपाई, शेवटी स्टेशनचे प्रमुख असलेले साहेबसुद्धा. दोन महिन्यांपूर्वी धाकटा वादळात गेला. साहेब अजून ताईच म्हणत होते, आणि त्यांच्या तोंडून तो शब्द आला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिच्या टेबलावर साहेबांनी टाईप करून ठेवलेला एक कागद आठवडाभर पडून होता. चौकशी समितीला द्यायचा जबाब. 'सातव्या केंद्राच्या ऑपरेटरने वादळात डिश जागेवरून हलवली, त्यामुळे संपर्क तुटला व मदत पोचू शकली नाही.' खाली लिंकचा हिशोब मांडणारी म्हणून तिची सही हवी होती.

वर जायची वाट उघडायला नऊ दिवस लागले होते. धाकटा केंद्राच्या बाहेर केशरी जाकिटात सापडला, डिशच्या कडेला दोन्ही हात लावून. डिशवर ओला बर्फ बसला की सिग्नल मरतो. तो हाताने बर्फ पुसत होता, हे डोंगरावर एक हिवाळा काढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. साहेबांनी डोंगर फक्त नकाशात पाहिला होता. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडलं की ते फोडणाऱ्याच्या पायावर पडत नाही, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मी सही करणार नाही," तिने त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

"समिती यायला अजून पंधरा दिवस आहेत, ताई," साहेब म्हणाले होते. "शांत डोक्याने विचार करा."

त्याच दिवशी सकाळी हजेरी सहाव्या केंद्रापर्यंत आली. सातव्या ओळीवर पेन्सिलीची आडवी रेघ होती. ताई आठवर गेली, पण मामांचं पेन पुढे सरकलं नाही.

"ताई, सातवर काहीतरी आहे."

"सात बंद आहे, मामा."

"ते मला माहितीये. तू आकडा बघ."

पडद्यावर सातव्याच्या जागी एक बारीक, सरळ रेघ उभी होती. सेटचा ओळख क्रमांक सातव्याचाच. मार्जिन तीन डेसिबल.

ताईने तिथल्या तिथे समितीच्या कचेरीत फोन लावला; सातव्याचा सेट पुरावा म्हणून तिथेच ठेवलेला होता. सातव्याचा सेट कुणी चालू केलाय, खेळणं वाटलं का, असं तिने विचारलं तेव्हा पलीकडच्या कारकुनाने कपाट उघडून बघितलं. सेट सीलबंद होता. बॅटरी काढून वेगळ्या पाकिटात ठेवलेली होती. "बाई, तुम्ही ओरडताय कशाला?" असंही त्याने विचारलं. तिने फोन आपटला.

दहा वाजून बारा मिनिटांनी रेघ गेली. मामांनी वहीत तीन लिहिलं आणि त्यावर पुन्हा पेन्सिलीची रेघ मारली.

२

ताईचं खरं काम हजेरीचं नव्हतं, हिशोबाचं होतं. डोंगरावरचा सेट किती जोराने पाठवतो, डिश तो जोर किती एकवटते, हे जमेच्या बाजूला. छत्तीस हजार किलोमीटरच्या वाटेत तो किती विरतो, पाऊस किती खातो, केबलचे सांधे किती गिळतात, हे खर्चाच्या बाजूला. वजाबाकी करायची, रिसीव्हरला किमान जेवढं लागतं तेवढं बाजूला काढायचं, आणि उरेल ते मार्जिन. चांगल्या हवेत मार्जिन नुसतं बसून असतं, वादळाच्या दिवशी माणूस त्यावर जगतो.

या हिशोबात तूट कुठूनही येते. सांधा गंजतो, डिश वाकते, कुणी केबलवर खुर्ची ठेवतो. वाढ मात्र आपोआप कुठूनही येत नाही. पंधरा वर्षांत ताईने फुकट मिळालेला एक डेसिबल पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सातव्याचं मार्जिन नऊ होतं.

मामांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.  मुळातल्या कागदावर ताईने सगळ्या केंद्रांना नऊच दिलं होतं. मग उपग्रहाच्या त्याच ताकदीत बाराऐवजी तीस केंद्रं बसवायची टूम साहेबांच्या डोक्यात आली. वरिष्ठांना शब्द देऊन बसले होते. प्रत्येकाची ताकद छाटली, म्हणजे प्रत्येकाचं मार्जिन छाटलं. तीस केंद्रं काही झालीच नाहीत, छाटलेलं मार्जिन तेवढं तसंच राहिलं. आज त्या पडद्यावर नऊ बघताना तिला रडू आलं नाही, संताप आला. हे नऊ दोन महिन्यांपूर्वी हवे होते.

तिसऱ्या दिवशी पंधरा झालं, आणि सातव्याच्या रिसीव्हरचा जास्त जोराचा लाल दिवा लागला.

लाल दिवा म्हटल्यावर साहेब केबिनमधून धावत आले. दोन महिन्यांत सातव्याबद्दल ते इतक्या घाईने कधी आले नव्हते.

"काय आहे हे?"

"तुम्हीच सांगा," ताई म्हणाली. "तुमच्या कागदाप्रमाणे इथे माणूसच नाही."

"ताई, समिती लॉग बघणार आहे. लॉगमध्ये लाल काही नको." त्यांनी मामांकडे वळून हात पुढे केला. "एक पॅड द्या."

पॅड म्हणजे बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा. ज्या केंद्राच्या केबलच्या सांध्यात पिळून बसवला, तेवढ्याचाच सिग्नल सहा डेसिबलने खाली येतो. जोर फार झाला की वापरायचा. साहेबांनी स्वतःच्या हाताने तो पिळला. दिवा विझला.

"बघा, मिटलं," ते म्हणाले.

"तुमचं सगळं असंच मिटतं," ताई म्हणाली.

३

चौथ्या दिवशी, पॅडने खाल्लेले सहा मिळवून, एकवीस. साहेबांनी दुसरा पॅड पिळला. पाचव्या दिवशी सत्तावीस, तिसरा पॅड.

ताईने मनाशी कारणं मोजून पाहिली. शेजारच्या कुठल्या मनोऱ्याचं प्रक्षेपण आत शिरत असेल. पण ते रोज दहाला येऊन बारा मिनिटांनी जाणार नाही, आणि सातव्याचा क्रमांक तर नाहीच सांगणार. अँप्लिफायर बिघडला असेल. पण मग बाराच्या बारा रेघा उंच व्हायला हव्या होत्या. शिवाय एवढा जोर आत आला तर अँप्लिफायर गुदमरतो आणि शेजारच्या रेघा ढासळतात. त्या जिथल्या तिथे होत्या. त्या एका रेघेचा जोर इतर कुणाला लागतच नव्हता.

सहाव्या दिवशी तिने दुसऱ्या शहरातल्या स्टेशनला फोन केला. त्यांची डिशही त्याच उपग्रहाकडे बघायची. तिथला इंजिनीअर तिच्याच वर्गातला. त्याने पडद्यासमोर बसून फोन कानाला लावला.

"सात? सातवर शुकशुकाट आहे."

"नीट बघ."

"अगं, डोळे फोडून बघतोय. काही नाहीये तिथे. तू ठीक आहेस ना?"

तिच्यासमोर त्याच क्षणी तेहेतीसचा आकडा होता. उपग्रहातून खाली येणारं त्याला दिसायलाच हवं होतं. त्याला दिसत नसेल, तर ते उपग्रहातून येत नव्हतं.

मग तिने कुणाला न विचारता मोठ्या डिशची मोटर चालू केली आणि डिश अर्धा अंश बाजूला फिरवली. खिडकीबाहेर ते पांढरं धूड कण्हत हललं. पडद्यावर अकराच्या अकरा रेघा जमिनीला टेकल्या. सातवी तशीच उभी राहिली. डिश कुठे बघतेय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

"डिश जागेवर आणा," साहेब दारातून ओरडले. "अकरा केंद्रं तोडलीत तुम्ही. कुणाच्या परवानगीने?"

"एक तोडलं होतं तेव्हा कुणाची परवानगी होती?"

 ताईने डिश परत आणली.  मग मामांची वही ओढून सातव्या ओळीचे आकडे एकाखाली एक मांडले. तीन, नऊ, पंधरा, एकवीस, सत्तावीस, तेहेतीस. दर दिवशी बरोबर सहा. पहिल्या वर्षाच्या पोरालाही येणारी गोष्ट आहे ही. सहा डेसिबल म्हणजे चौपट जोर, आणि पाठवणाऱ्याचं अंतर निम्मं झालं की जोर चौपट होतो.

पहिल्या दिवशी छत्तीस हजार किलोमीटर. मग अठरा. मग नऊ. मग साडेचार, सव्वादोन. आज सव्वा अकराशे किलोमीटर.

मामा तिच्या खांद्यावरून वाचत होते. "काय आहे, ताई?"

"येतोय," ती म्हणाली.

४

घरी आई खिडकीशी बसलेली असायची. ताई आली की चहा ठेवायची, आणि चहा उकळेपर्यंत तोच प्रश्न विचारायची.

"त्याने खरंच हलवली का गं ती डिश?"

"नाही."

"मग तसं लिहीत का नाहीत ते?"

"कारण त्यांना स्वतःची कातडी वाचवायचीय."

"तू सांग ना त्यांना. तुला तर सगळे आकडे पाठ." आईने साखरेचा डबा बंद केला. "लहानपणी एक बल्ब बदलायला सांगितला तर तो तीनदा विचारायचा, बटण बंद आहे ना, बटण बंद आहे ना. तो पोरगा वादळात डिश हलवेल? शेजारीपाजारी पाठीमागे बोलतात, चूक त्याचीच होती म्हणून. मला ऐकू येतं. तू त्या समितीसमोर बोल. मला बाकी काही नको."

"बोलेन," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज उगाच चढला. "साहेबाकडून बोलवूनच घेईन. त्याच्या तोंडून."

आईने तिच्याकडे बघितलं. चहा गाळला.

एक गोष्ट ताईने आईला सांगितली नव्हती. साहेबांनी छाटायचा हुकूम दिला तेव्हा कोणाचं किती छाटायचं ते मांडायला तिलाच बसवलं होतं. साहेबांचा आकडा सगळ्यांना सारखा होता: नवाचे पाच करा. तिने कागद काढला, आणि सातव्या ओळीशी तिचा हात अडखळला. भाऊ आहे. उद्या कुणी म्हणेल, बाई भावाला सांभाळून घेते. स्टेशनवर अशा गोष्टी बोलायला माणसं टपलेली असतात. म्हणून तिने सुरुवातच सातपासून केली, आणि पाच नाही, तीन लिहिलं. बघा, आपल्याच माणसाचं सर्वांत जास्त कापलं. धाकट्याला लाइनवर सांगितलं तेव्हा तो हसला होता. "सख्ख्या भावावर कुऱ्हाड," म्हणाला होता, "छान. तुझं नाव राहू दे नीट."

वादळात नेमकं किती कमी पडलं तो आकडा तिला माहीत नव्हता. तो धाकट्याच्या सेटमधल्या नोंदीत होता, नोंद समितीकडे होती, आणि तिची एक प्रत साहेबांकडे आली होती. ताईने ती मागितली नाही. बाकी दुनियेचे हिशोब ती करायची. तो एक तिने केला नाही.

त्या संध्याकाळी चहा पिताना तिच्या मनात आलं ते भलतंच होतं. येऊ दे. रोज निम्मं अंतर तोडत येऊ दे. येऊन त्या साहेबाच्या मानगुटीवर बसू दे. तिला भीती वाटायला हवी होती, पण कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तिला बरं वाटत होतं.

५

नवव्या दिवशी एकशे चाळीस किलोमीटर. अकराव्या दिवशी पस्तीस.

रिसीव्हरच्या मागे पितळी पॅडांची माळ लोंबू लागली. सांधे फार झाले म्हणून साहेबांनी ती दोरीने रॅकला बांधली. रोज दहाला ते पॅड हातात घेऊनच यायचे, रेघ उमटली की पिळायचे, दिवा विझला की जायचे. चेहरा उतरला होता. दाढीही रोज होत नव्हती. ताई खुर्ची मागे सरकवून मुद्दाम मोठ्याने अंतर वाचायची.

"सतरा किलोमीटर, साहेब. म्हणजे आता शहराच्या वेशीवर आला म्हणायचं."

"हे बघा, हा सगळा उपकरणाचा दोष आहे."

"मग उपकरणाला जबाब लिहून द्या."

मामांना हे आवडत नव्हतं. बाराव्या दिवशी साहेब गेल्यावर ते हळूच म्हणाले, "तू त्याला डिवचतेस ते ठीक. पण एक विचारू? येतोय कुणाकडे, हे त्या आकड्यात कळतं?"

"नाही. आकड्यात फक्त अंतर कळतं. दिशा कळत नाही."

"तेच म्हणतोय," मामा म्हणाले.

तेराव्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज दिला. तीस वर्षांत पहिलाच. कारणाच्या जागी 'घरगुती' लिहिलं होतं. जाताना वही तिच्यासमोर ठेवली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. ताईला त्यांचाही राग आला. सगळे वेळेवर काढता पाय घेतात.

मग एक आवाज सुरू झाला. पहिल्यांदा तिला वाटलं, थंड हवेच्या यंत्राचा पंखा कुठेतरी घासतोय. कंट्रोल रूम यंत्रांसाठी गार ठेवलेली असायची, दाराची वरची अर्धी काच दुधी होती आणि तिच्यावर नेहमी दव धरायचं. तिने यंत्र बंद करून पाहिलं. आवाज बाहेरून येत होता, डिशच्या बाजूने. कोरड्या कापडाने पत्रा पुसावा तसा. एक लांब हात, थांबणं, पुन्हा एक लांब हात. शिडीवाल्याला बोलावलं तर तो म्हणाला, डिश धुवायचा महिना पुढचा आहे, वर कुणी चढलेलं नाही. तो शिडी लावून बघून आला.

"कुणी नाही. पण ताई, डिश चकाचक आहे. पक्ष्यांची घाणसुद्धा नाही. तुम्ही पुसून घेतली का कुणाकडून?"

पंधराव्या दिवशी मार्जिन सत्याऐंशी आलं. सव्वादोन किलोमीटर. साहेबांनी तेरावा पॅड पिळला. स्टेशनात तेवढेच पॅड होते.

"आता पुढे?" त्यांनी विचारलं. आवाजात पहिल्यांदा विनवणी होती.

"पुढे हिशोब नाही," ताई म्हणाली. "एवढ्या मोठ्या डिशला दोन किलोमीटरच्या आत हे सूत्र लागू होत नाही. उद्या आकडा काहीही येईल. त्यावरून अंतर काढता येणार नाही."

हे सांगताना आपण साहेबांना घाबरवतोय, असं तिला वाटलं. पण बोलून झाल्यावर ती स्वतःच खिडकीबाहेर बघू लागली. पंधरा दिवस तिला दर सकाळी माहीत होतं की ते कुठे आहे.

६

समिती सव्वादहाला यायची होती. दहाला पाच कमी असताना साहेब कंट्रोल रूममध्ये आले आणि दार लावून घेतलं. बाहेर लख्ख ऊन होतं. खिडकीतून डिश दिसत होती, तिची सावली हिरवळीवर पडली होती. पुसल्याचा आवाज सकाळपासून आला नव्हता.

दहा वाजले. अकरा रेघा उमटल्या. सातवी उमटली नाही.

साहेब खुर्चीत बसले. "गेलं," ते म्हणाले. "गेलं ना?"

मग आवाज आला, पण डिशकडून नाही. खालच्या व्हरांड्यातून. भिंतीवरून हात फिरवत कुणी यावं तसा. एक लांब हात, थांबणं, एक लांब हात. मग तो जिन्याच्या कठड्यावर आला.

साहेबांची पाचावर धारण बसली. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावरच्या त्या जबाबाशेजारी ठेवला. 

"ताई, मी सांगतो समितीला. सगळं सांगतो. मार्जिन मी छाटायला लावलं. डिश त्याने हलवली नव्हती, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. झालं तुमचं समाधान? त्याला सांगा. तुमचा भाऊ आहे, तुमचं ऐकेल."

सोळा दिवस, सोळा दिवस कशाला, दोन महिने ती या वाक्यासाठी जळत होती. आता ते मिळालं होतं. तिने ते घोटासारखं तोंडात धरलं.

"लिहून द्या," ती म्हणाली.

"देतो. त्याच्या सेटची नोंदही जोडतो. ही बघा." त्यांनी उलगडलेला कागद तिच्याकडे सरकवला. "चार वेळा प्रयत्न केला त्याने. प्रत्येक वेळी तेवढंच कमी पडलं."

कागदावर चार ओळी होत्या. चारही ओळींच्या शेवटी एकच आकडा. दीड.

ताईने तो हिशोब केला नाही, तो आपोआप झाला. तीन मार्जिन होतं आणि दीड कमी पडलं, म्हणजे वादळाने साडेचार खाल्लं. साहेबांचे पाच असते, तर अर्धा उरला असता. अर्ध्या डेसिबलवर आवाज पोचतो, खरखरतो, पण पोचतो. पहिल्याच वेळी पोचला असता. तेव्हा वारा अजून उडण्याजोगा होता, आणि हेलिकॉप्टर वीस मिनिटांवर उभं होतं.

साहेब तिच्याकडे बघत होते. त्यांनी तो हिशोब केव्हाच केला असावा. "मी पाच सांगितले होते, ताई," ते हलक्या आवाजात म्हणाले. त्यात कुरघोडी नव्हती, हेच तिला सहन झालं नाही.

आवाज जिना चढून वर आला होता. दुधी काचेपलीकडे काहीतरी अंधारलं. मग काचेवर हात फिरू लागला, बाहेरच्या बाजूने, खांद्याच्या उंचीवर, डावीकडून उजवीकडे.

"उघडा तुम्ही," साहेब कुजबुजले. "तुमच्यासाठीच..."

ताई उठली. दाराशी गेली आणि वरची कडी लावली. मग वाकून खालची लावली. काचेतून गारठा तिच्या कपाळाला लागत होता.

ती परत टेबलाशी आली. चार ओळींचा कागद तिने घडी करून साहेबांच्या खिशात कोंबला, इतक्या जोराने की शिवण उसवली.

"तुम्ही काही सांगायचं नाही," ती म्हणाली.

"पण ताई..."

"मला ताई म्हणू नका. पाच नाही, तीन नाही, कुणी आकडा विचारला तर आकडा माहीत नाही. ऐकताय ना? माझी आई घरी बसलीये. तिला मी काय सांगू? पेन द्या."

त्यांनी पेन दिलं. तिने टाईप केलेला जबाब पुढे ओढला. ऑपरेटरने वादळात डिश जागेवरून हलवली. तिने वाचला नाही, पाठ होता. सही करताना पेन एकदा कागदात रुतलं, तिने पुन्हा गिरवलं. तिला रडायचं होतं, पण रागच एवढा होता की दुसऱ्या कशाला जागा नव्हती. तो साहेबांवर होता, समितीवर होता, मामांवर होता, आणि दाराबाहेर जे उभं होतं त्याच्यावर सगळ्यात जास्त होता. का आलास? कुणी बोलावलं होतं?

आवाज थांबला.

साहेबांनी तोंडावर हात घेतला. ते दाराकडे बघत होते. ताईला मान वळवायची नव्हती, तरी वळली. दुधी काच मधोमध तळहाताएवढी स्वच्छ झाली होती, आरपार, दुधी काच कधी होत नाही तशी. त्या जागेत केशरी जाकिटाची कॉलर होती, तिच्यावर बर्फ होता आणि तो उन्हाने वितळत नव्हता. मग कॉलर खाली गेली. जे उभं होतं ते वाकलं, आणि त्या जागेला डोळा लावला.

खाली फाटकाशी गाड्यांची दारं आपटली. माणसं बोलत, हसत येत होती.

ते तिच्याकडे बघत नव्हतं. टेबलावरचा कागद वाचत होतं, सावकाश, ओळीनंतर ओळ, आणि सहीपर्यंत अजून पोचलं नव्हतं.